खेळाडू निघून जातो, मग चाहता कुणाचा राहतो?

यात्रेचे दिवस जवळ आले की बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात जंगी कुस्त्यांची पोस्टरं लागतात. पैलवानाच्या फोटोखाली नाव, आणि नावाखाली दोन गोष्टी छापलेल्या असतात: गाव आणि तालीम. गाव खानापूर तालुक्यातलं, तालीम कोल्हापुरातली, गंगावेश नाहीतर मोतीबाग. पोरगा लहानपणीच घर सोडून गेलेला असतो. त्याचा खुराक, मेहनत, वस्ताद, सगळं दुसऱ्या शहरातलं. तरी तो मैदानात उतरून मातीला हात लावतो तेव्हा त्याच्या गावचे लोक उभे राहतात आणि शेजारच्याला सांगतात, "आमचा हाय तो." गाव सोडून गेला म्हणून त्याच्यावर कुणी रागावलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

त्यामुळे अमेरिकेतल्या एनबीएत, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, खेळाडूनं संघ बदलला की लोक त्याच्या नावाची जर्सी रस्त्यावर आणून जाळतात, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते उमगलंच नाही. ते समजून घ्यायला मला माझ्या भाच्यानं लावलं.

भाचा टिळकवाडीत राहतो, कॉलेजात शिकतो. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, म्हणून साडेपाचला उठून मोबाइलवर सामने बघतो. त्याचा खेळाडू लुका डॉन्चिच आणि संघ डॅलस मॅव्हरिक्स. खडेबाजारात ७७ नंबर छापून घेतलेली निळी जर्सी तो कॉलेजलाही घालून जायचा. २ फेब्रुवारी २०२५ ला, रविवारी सकाळी साडेदहाच्या पुढे, बातमी आली. डॅलसनं लुकाला लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकलं होतं. बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी हे खेळाडू आणि २०२९ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे नवीन खेळाडूंच्या निवडीतला, एक हक्क घेतला होता. लुका तेव्हा २५ वर्षांचा होता आणि आठ महिन्यांपूर्वीच त्यानं डॅलसला अंतिम फेरीपर्यंत नेलं होतं. भाच्यानं मला फोन केला. "मामा, आता मी कुणाचा?"

फोनवर त्याला नीट काही सांगता आलं नाही. नंतर बराच विचार केला, तो इथं मांडतो.

आधी खेळाडू एका संघातून दुसऱ्या संघात जातो कसा ते बघू. आयपीएलचा लिलाव डोक्यात असेल तर तो बाजूला ठेवा, एनबीएत लिलाव नसतो. तिथला कारभार समजायला आपल्याकडची सरकारी नोकरी जास्त उपयोगी पडते. शिक्षकाला पहिलं पोस्टिंग कुठं मिळेल ते त्याच्या हातात नसतं. एनबीएतलं पहिलं पोस्टिंग म्हणजे ड्राफ्ट. लीगमध्ये ३० संघ आहेत. दरवर्षी नवीन पोरांची निवड दोन फेऱ्यांत होते आणि आदल्या वर्षी जे संघ मागे पडले त्यांना वरचा नंबर मिळण्याची शक्यता जास्त ठेवलेली असते. तो नंबर १९८५ पासून लॉटरीनं ठरतो. कमकुवत संघ कायमचा कमकुवत राहू नये हा त्यामागचा हेतू. पोराला कुठलं शहर आवडतं हे कुणी विचारत नाही.

मग येते बदली. तिला तिकडे ट्रेड म्हणतात. करार चालू असताना संघ तुम्हाला दुसऱ्या संघाकडे पाठवू शकतो. करार तोच राहतो, पगार तोच राहतो, शहर बदलतं. हंगामातल्या बदल्यांची शेवटची मुदत फेब्रुवारीत असते, म्हणून त्या महिन्यात खेळाडूंच्या घरी फोन वाजला की पोटात गोळा येतो. आपल्या संमतीशिवाय बदली करायची नाही असं कलम करारात लिहून घेणारे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. लुकाच्या करारात ते नव्हतं.

तिसरी वाट म्हणजे करार संपल्यावरची मोकळीक. खेळाडू मोकळा झाला की आपला संघ स्वतः निवडतो. आज हे साधं वाटतं, पण ते सहज मिळालेलं नाही. पूर्वी करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहायचा. ऑस्कर रॉबर्टसन हा मोठा खेळाडू तेव्हा खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. त्याच्या नावानं १९७० मध्ये लीगविरुद्ध खटला दाखल झाला, १९७६ मध्ये तडजोड झाली आणि दार किलकिलं झालं. पूर्ण मोकळीक यायला १९८८ उजाडलं. चाहता "हल्लीच्या खेळाडूंना निष्ठा नाही" म्हणतो तेव्हा मला हा खटला आठवतो. जुन्या काळचे जे खेळाडू एकाच संघात राहिले, त्यांतले कितीतरी जायची वाटच नव्हती म्हणून राहिले.

पगाराची मर्यादा हा आणखी एक धागा. एका संघानं सगळ्या खेळाडूंवर मिळून किती खर्च करायचा याचा आकडा ठरलेला असतो. १९८४-८५ मध्ये तो ३६ लाख डॉलर होता, २०२५-२६ मध्ये सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर. मर्यादा भरलेल्या संघाला मोठा खेळाडू आणायचा असेल तर तेवढ्याच पगाराची माणसं बाहेर काढावी लागतात. म्हणून एका बदलीत तीन-चार घरं हलतात. मात्र आपलाच खेळाडू पुन्हा करारबद्ध करायचा असेल तर ही मर्यादा ओलांडायची सवलत आहे. बॉस्टनच्या लॅरी बर्डच्या नावानं ती ओळखली जाते. घरचा खेळाडू घरी राहावा असं लीगलाही वाटतं, हे त्या नियमात दिसतं.

आता मुद्द्याचं बोलू. मराठीत "गेला" आणि "घालवला" ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, आणि चाहत्याचा सगळा राग या व्याकरणावर चालतो. लेब्रॉन जेम्स क्लीव्हलंडहून मायामीला गेला. लुकाला डॅलसनं घालवला. पहिल्या वेळी लोक खेळाडूवर तुटून पडले. दुसऱ्या वेळी लोक संघाच्या स्टेडियमबाहेर जमले, तिथं प्रतीकात्मक शवपेटी आणली आणि संघाचा कारभार पाहणाऱ्या निको हॅरिसनला काढा, अशा घोषणा दिल्या. पुढे महिनोनमहिने सामन्यांमध्ये त्याच घोषणा चालू राहिल्या. त्या नोव्हेंबरात हॅरिसनला काढलं. खेळाडू दोघेही मोठे, रिकामी जागा दोन्हीकडे सारखीच, पण एकीकडे जर्सी जळली आणि दुसरीकडे ती छातीशी धरली गेली.

लेब्रॉनची गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण तिच्यात सगळं आहे. तो ॲक्रनचा. क्लीव्हलंडपासून ते गाव म्हणजे बेळगावहून निपाणी जेवढं, त्याहून थोडं जवळच. २००३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर क्लीव्हलंडला मिळाला आणि घरचाच पोरगा घरच्या संघात आला. आपल्या कुस्तीच्या पोस्टरवर गाव आणि तालीम या दोन ओळी वेगळ्या असतात. क्लीव्हलंडच्या माणसाला लेब्रॉनच्या नावाखाली एकच ओळ दिसत होती. गाव तेच, तालीम तीच. शिवाय त्या शहरानं १९६४ नंतर कुठल्याच मोठ्या व्यावसायिक खेळात अजिंक्यपद पाहिलेलं नव्हतं. सात हंगाम तो तिथं खेळला आणि ८ जुलै २०१० ला टीव्हीवर खास कार्यक्रम करून त्यानं जाहीर केलं की मी मायामीला चाललोय.

जाण्यापेक्षा ते टीव्हीवर सांगणं लोकांच्या जास्त जिव्हारी लागलं असं मला वाटतं. लग्न मोडायचंच असेल तर घरी येऊन सांगावं, मांडवात माइकवरून सांगू नये. आदल्या हंगामात ६१ सामने जिंकलेला तो संघ पुढच्या हंगामात १९ जिंकला, त्यात सलग २६ हरला. लेब्रॉन मायामीत चार वेळा अंतिम फेरीत गेला आणि २०१२, २०१३ ला अजिंक्य झाला. मग २०१४ मध्ये, या वेळी टीव्ही टाळून, एका लेखातून त्यानं परत येत असल्याचं सांगितलं. ज्यांनी जर्सी जाळली त्यांतल्याच कित्येकांनी नवीन विकत घेतली असणार. २०१६ च्या सात सामन्यांच्या अंतिम फेरीत समोर गोल्डन स्टेट होता, त्या हंगामात ७३ सामने जिंकलेला. क्लीव्हलंड ३-१ नं मागे पडला आणि तिथून ४-३ नं जिंकला. ५२ वर्षांनी शहराला काहीतरी मिळालं.

दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, तो पुन्हा क्लीव्हलंड सोडून लेकर्सकडे गेला. या वेळी जर्सीची होळी झाली नाही. लेकर्सचा खेळाडू म्हणून तो क्लीव्हलंडमध्ये खेळायला आला तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. माणूस तोच, शहर तेच, जाणंही तेच. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी तो देणं देऊन गेला आणि गाजावाजा न करता गेला.

टोरांटोत हेच वेगळ्या अंगानं दिसतं. डीमार डीरोझन तिथं नऊ हंगाम खेळला आणि शेवटपर्यंत इथंच राहायचं म्हणत होता. जुलै २०१८ मध्ये त्याला सॅन अँटोनियोला पाठवून क्वाय लेनर्डला आणलं. लोक हळहळले. लेनर्ड एकच हंगाम राहिला, २०१९ चं अजिंक्यपद टोरांटोला मिळवून दिलं, ते त्यांचं पहिलंच, आणि काही आठवड्यांत आपल्या गावाकडे लॉस एंजेलिसला निघून गेला. त्या डिसेंबरात तो परत खेळायला आला तेव्हा प्रेक्षक उभे राहिले. डीरोझनवरचं प्रेमही आटलं नाही. म्हणजे किती वर्षं राहिला हे माप पुरत नाही. याच टोरांटोनं विन्स कार्टरला मात्र २००४ मध्ये तो गेल्यापासून वर्षानुवर्षं शिट्ट्या घालून हैराण केलं, कारण त्याला इथं राहायचंच नव्हतं अशी लोकांची खात्री झाली होती. १० वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याच मैदानात पडद्यावर त्याची जुनी दृश्यं दाखवली तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते आणि विरुद्ध बाजूला उभा असलेला कार्टर डोळे पुसत होता. २०२४ मध्ये त्याची जर्सी त्या संघानं सन्मानानं छताला टांगली. राग एवढी वर्षं टिकला याचा अर्थ नातंही टिकून होतं. ज्याच्याशी काही देणंघेणं नाही त्याला कोण शिट्ट्या घालतो?

हार्दिक पंड्याचं तर आपण सगळ्यांनी पाहिलंय. २०२३ च्या नोव्हेंबरात तो गुजरातहून मुंबई इंडियन्समध्ये परत आला आणि रोहित शर्माच्या जागी कप्तान झाला. २०२४ च्या आयपीएलमध्ये अहमदाबादेत गुजरातचे लोक चिडलेले, आणि वानखेडेवर मुंबईचे. २९ जूनला भारतानं टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, शेवटचं षटक हार्दिकनं टाकलं, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला.

हे असं का होतं? १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रॉबर्ट चाल्डिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यापीठांत एक साधी गोष्ट तपासली. शनिवारी आपल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढायचे. जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना "आपण जिंकलो" म्हणायचे, हरलेल्याबद्दल "ते हरले". दुसऱ्याच्या यशाच्या उन्हात आपणही थोडं शेकून घेतो, असा त्याचा अर्थ. मराठीत तर "आम्ही" आणि "आपण" असे दोन वेगळे शब्द आहेत. आमच्या कन्नड शेजाऱ्याला दोन्हीसाठी "नावू" पुरतं, पण तोही वर्षानुवर्षं "ई सला कप नम्दे" म्हणत आला, यंदा कप आपलाच. ३ जून २०२५ ला तो खरंच आरसीबीला मिळाला तेव्हा त्यानं गल्लीत पेढे वाटले. इतकी वर्षं हरणाऱ्या संघाला "ते" न म्हणता "आपण" म्हणत राहणं, यालाच मी निष्ठा म्हणतो. त्यात विराट कोहली २००८ पासून एकाच संघात राहिला याचा वाटा मोठा आहे. बाकी सगळं बदलत असताना ओळखीचा एक चेहरा असला की "आपण" म्हणायला आधार मिळतो. डॅलसमध्ये डर्क नोविट्झकी २१ हंगाम राहिला होता. लुका त्याचा वारस मानला जात होता, त्यामुळे तिथं एका खेळाडूबरोबर पुढची १५ वर्षंही हातातून गेली.

खेळाडू तिथंच, संघ तोच, पण संघच गाव सोडून गेला तर? सिॲटलमध्ये १९६७ पासून सुपरसॉनिक्स नावाचा संघ होता, १९७९ चा अजिंक्य. २००८ मध्ये मालकांनी तो उचलून ओक्लाहोमा सिटीला नेला. चाहते घरात बसले होते तिथंच बसून राहिले आणि त्यांच्या खालचं जाजम ओढलं गेलं. सीमाभागातल्या माणसाला हे फोड करून सांगावं लागत नाही. आमची गावं, विहिरी, देवळं जागेवरच राहिली आणि १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य बदललं. खेळाची आणि या दुःखाची बरोबरी मी करत नाही. पण आपण न हलता आपला पत्ता बदलतो तेव्हा आत काय होतं, ते आम्हाला ठाऊक आहे. सिॲटलचे लोक अजूनही हिरवी-पिवळी सॉनिक्सची टोपी का घालतात, ते म्हणूनच मला कळतं.

त्याच ओक्लाहोमानं पुढे केविन ड्युरँट गमावला. ४ जुलै २०१६ ला तो गोल्डन स्टेटकडे गेला, ज्या संघानं महिन्याभरापूर्वीच ओक्लाहोमाची ३-१ ची आघाडी मोडून त्यांना हरवलं होतं. हरवणाऱ्याच्याच घरी जाणं लोकांना फार लागलं. मग २०१९ मध्ये पॉल जॉर्जनंही जायची मागणी केली आणि त्याला लॉस एंजेलिसच्या क्लिपर्स या दुसऱ्या संघाकडे द्यावं लागलं. पण बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर हा तेव्हा कमी माहीत असलेला पोरगा आणि ड्राफ्टचे बरेच हक्क आले. त्यातल्याच एका हक्कावर २०२२ मध्ये जेलन विल्यम्स मिळाला. २०२५ मध्ये याच दोघांच्या जिवावर ओक्लाहोमा अजिंक्य झाला. बदलीचं हेही एक अंग आहे. मधली वर्षं तिथला चाहता भविष्यातल्या नंबरांवर, अजून शाळेत असलेल्या पोरांवर जीव लावून बसला होता. पेरणी करून पावसाची वाट बघणाऱ्यासारखा.

आता भाच्याचा प्रश्न. तो ना डॅलसचा, ना ओक्लाहोमाचा. त्याचं शहर बेळगाव. एनबीएचे भारतातले पहिले सामने ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत झाले, सॅक्रॅमेंटो आणि इंडियाना यांच्यात, तेही सरावाचे. तेही त्यानं टीव्हीवरच पाहिले. ज्याचा संघाच्या गावाशी संबंध नाही तो खेळाडूला धरतो, आणि खेळाडूबरोबर जातो. आपण तरी दुसरं काय केलं? चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये प्रो कबड्डीत यू मुंबाकडून खेळत होता. तेव्हा चंदगडहून बेळगावच्या बाजाराला येणारा प्रत्येक जण यू मुंबाचा होता. २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सनं त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं आणि मी, तेलुगूचा एक शब्द न येणारा माणूस, रोज रात्री हैदराबादच्या संघासाठी जीव टांगून बसायला लागलो. मला त्यात गद्दारी वाटली नाही. मी पोस्टरवरची गावाची ओळ धरली होती.

कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये लोक दुसरी ओळ धरतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ; खेळाडू या संघातून त्या संघात जातात, बाहेरूनही येतात, पण पेठेतला माणूस शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्याच बाजूला बसतो. पेठ कुठं जात नाही. डॅलसमध्ये राहणारा चाहता तसा. त्याच्या मुलाची शाळा, ऑफिसातल्या गप्पा, सगळं त्या संघात गुंतलेलं. त्यानं रागावून लेकर्सचा शर्ट घालायचा म्हटलं तरी जमणार नाही. त्याला तिथंच राहून भांडावं लागतं. म्हणून बदल्या वाढल्या की चाहते कमी होतात हे मला पटत नाही. चाहते दोन ओळींत विभागले जातात. लांबचे खेळाडूबरोबर फिरतात, जवळचे जागेवर राहतात आणि मालकाकडे हिशेब मागतात. लीगला लांबचे हवे आहेत, कारण ते जगभर आहेत. पण घोषणा देऊन खुर्ची हलवतात ते जवळचे. त्यांना गृहीत धरणं मला चुकीचं वाटतं.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे दोन्ही चालतंय म्हण की." मी म्हटलं, होय रे.

९ एप्रिल २०२५ ला लेकर्सचा संघ डॅलसला खेळायला गेला. आपल्याकडे १० तारखेची पहाट. मीही त्याच्या घरी झोपायला गेलो होतो. डॅलसनं प्रत्येक खुर्चीवर लुकाच्या मातृभाषेत, स्लोव्हेनियनमध्ये, आभार मानणारा टी-शर्ट ठेवला होता. सामन्याआधी पडद्यावर त्याचे सात हंगाम दाखवले. लुका बाकावर बसून रडत होता आणि टॉवेलनं तोंड पुसत होता. मग उठला आणि त्यांच्याच संघाविरुद्ध ४५ गुण केले. प्रत्येक बास्केटला डॅलसचे लोक ओरडत होते. भाच्यानं डॅलसची निळी जर्सी घातली होती आणि लेकर्स जिंकावा म्हणून तो उभ्यानं बघत होता. बहीण चहा घेऊन आली, पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "आपला कुठला?" त्यानं बोट लावून ७७ नंबर दाखवला.